शेळीच्या दुधावर वाढलेली

माझी मुलगी शेळीच्या दुधावर वाढली, असं आमच्या शनवारा पेठेत अजूनही काहीजण सांगतात. सुट्टीत मी बुरहानपूरला गेले की एखादी बाई तिच्या गालाला हात लावून म्हणते, "शेळीनं तारलं हो हिला." मी हसते. प्रत्येक वेळी खुलासा करत बसणं मला जमत नाही.

मुलगी आता चालते, भांडते आणि आजोबांच्या ताटात जेवते. तिचं अंगावरचं सुटलं तेव्हा मी नागपूरला परत आले आणि अर्धवट राहिलेला अभ्यास पुन्हा धरला. वसतिगृहात माझ्याच वयाच्या मुली आहेत, पण आई झालेली मी एकटी. त्या कधीकधी विचारतात. मी दोन वाक्यं बोलते आणि थांबते, कारण पुढचं सांगायला जे शब्द लागतात ते मोठ्यानं उच्चारायची मला सवय नाही. म्हणून लिहून पाहते आहे. नीट जमेल की नाही, ठाऊक नाही.

आमच्या घरात कॉलेजचं दार पाहिलेली मी पहिली. माझे वडील, त्यांना मी आबा म्हणते, कापसाच्या बाजारात तोलाईचं काम करतात. तीन बांबूंच्या तिकटीला मोठा काटा टांगलेला, एका पारड्यात कापसाचा बोजा, दुसऱ्यात लोखंडी वजनं, आणि आबांचा लांबवर जाणारा आवाज. पहिल्या तोलाला ते 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, अशी त्यांची मोजणी. शाळेत पहिल्या दिवशी मीही तशीच मोजायला लागले होते आणि मास्तरांचा हात पाठीवर पडला होता.

आई मी लहान असतानाच गेली. लग्न झालं ते बहादरपूरच्या शेतकरी घरात. नवरा मॅट्रिक झालेला. लढाई सुरू झाल्यावर फौजेच्या सामानखात्यात कारकून लागला आणि दूर पूर्वेकडे गेला. त्याचं पत्र येई तेव्हा मधल्या ओळी काळ्या केलेल्या असत. मला दिवस गेले तेव्हा मी कॉलेजात होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. पण माझ्या माहेरात बाईमाणूसच नव्हतं. बहादरपूरहून कुणी येऊ शकलं नाही, कारण माझी जाऊ तिकडे त्याच महिन्यात बाळंत झाली होती. तेव्हा समोरच्या घरातल्या काकींनी सगळं हातात घेतलं.

काकी वाईट नव्हत्या. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तसं वाटेल. त्यांनी स्वतः पाच मुलं वाढवली होती. माझ्यासाठी त्या पहाटे उठून पाणी तापवत, अंग रगडत, शेक देत, आणि बदल्यात कधी काही मागितलं नाही. फक्त त्यांचं म्हणणं ऐकावं लागे. पहिले तीन दिवस त्यांनी मला दूध पिळून मातीत टाकायला लावलं आणि मुलीला गुळाच्या पाण्यात भिजवलेली वात चोखायला दिली. "तो चीक असतो, पिवळा. पोटात साकळतो," त्या म्हणाल्या. गाईच्या चिकाचा खरवस आम्ही आवडीनं खातो, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण माझ्या पुढे दुसरी कुणी बाई नव्हती, जिला विचारावं.

मुलगी लहानखोर होती. तिच्या मनगटात काळा दोरा बांधलेला होता, तो सैल पडून कोपरापर्यंत सरके. रडायची ती बारीक, मांजराच्या पिल्लासारखी. आबा बाजाराला गेले की घरात आम्ही दोघीच. बाळंतिणीच्या खोलीला खिडकी नव्हती; दार लोटलं की दिवसाही दिवा लागायचा. बुधवाऱ्याच्या बाजूनं फेरीवाल्यांच्या आरोळ्या येत, टांगे जात, मशिदीतली बांग ऐकू येई, आणि मला वाटे, एवढ्या मोठ्या शहरात आम्ही दोघी इथे आहोत हे कुणाला माहीत असेल?

एक दिवस काकी वाटी घेऊन आल्या.

"थोडं दूध काढ याच्यात."

"कशाला?"

"काढ तर. पोरगी बाळसं धरून नाही राहिली, दिसतं ना तुला? दूध कसं आहे ते पाहू."

मी पाठ वळवून वाटीत थोडं दूध काढलं. काकींनी भिंतीवरून एक काळी मुंगी चिमटीत धरली आणि दुधात सोडली. मग आम्ही दोघी वाटीवर वाकून बसलो. मुंगी वर आली, कडेला चढली, तर दूध चांगलं; बुडाली तर जड. मुंगीनं पाय हलवले, गोल फिरली, आणि थांबली. काकी बराच वेळ वाट पाहत राहिल्या. मला वाटतं, त्यांनाही ती चढावी असंच वाटत होतं.

"गेली," त्या शेवटी म्हणाल्या. "बाई गं, तुझं दूध जड आहे. पोरीला बाधून राहिलं."

मी इंटरपर्यंत शिकलेली होते. मुंगी दुधात बुडते यात दुधाचा काय दोष, हे मला समजत होतं. पण समजणं वेगळं. त्या संध्याकाळी मुलगी तोंड लावायची आणि सोडून रडायची, तेव्हा मला ती मुंगीच दिसत होती.

माझ्याजवळ आरोग्यशास्त्राचं एक इंग्रजी पुस्तक होतं, शाळेत बक्षीस मिळालेलं. त्यात तान्ह्या मुलांवर एवढाच मजकूर होता: आईचं दूध सर्वांत चांगलं, आणि मूल वाढतं आहे की नाही हे दर आठवड्याला वजन करून पाहावं. आबा बाजारातून आले तेव्हा मी दाराआडून म्हटलं, "आबा, उद्या लहान काटा घरी आणता का?"

"काय तोलायचं?"

"हिला."

आबा पाय धूत होते. तांब्या तसाच हातात राहिला.

"नाही," ते म्हणाले.

"पुस्तकात लिहिलंय आबा. त्याशिवाय कळणार कसं?"

"पोरी, जन्मभर मी जे जे तोललं ते दारातून बाहेर गेलं. तोललेला माल घरात राहत नाही. दुसरं काय पाहिजे ते सांग, आणतो."

आबांशी मी पुस्तकांवर बोलू शकत होते, कॉलेजच्या खर्चावर बोलू शकत होते. पण दूध येतं की नाही, पुरतं की नाही, हे बापाला कोणत्या तोंडानं सांगायचं? ते विचारत, "ठीक आहे ना?" मी म्हणे, "ठीक आहे." आमचं बोलणं तिथंच संपे.

माझं दूध जड असल्याची बातमी मात्र बहादरपूरला पोचली. तिकडून बाजाराला आलेल्या गाडीवानाबरोबर सासूबाईंचा निरोप आला: पोरगी वाळते आहे असं कळलं. धाकटीच्या अंगावर दूध भरपूर आहे, तिचा मुलगा पिऊन उरतं. पोरीला इकडे पाठवून द्या, दोन्ही लेकरं एकत्र वाढतील. सूनबाईचं कॉलेजही बुडणार नाही.

आबांनी हा निरोप मला दाराबाहेर उभं राहून सांगितला. त्यांचा आवाज बाजारातल्यासारखा नव्हता. मी मुलीला छातीशी धरून बसले होते. निरोपात रागावण्यासारखं काहीच नव्हतं, हेच कठीण होतं. त्या माझं भलंच पाहत होत्या. जावेचा मुलगा म्हणे दोन हातांत मावत नव्हता. मी हट्टानं मुलीला जवळ ठेवलं आणि ती खरंच वाळली, तर?

काकींनी मध्यममार्ग काढला. "इतक्यात नको पाठवू. शेळीचं दूध देऊन पाहू. हलकं असतं."

आबा लगेच उठले. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी शेळीच्या दुधाचा लोटा दाराशी यायला लागला. काकींनी मला छातीवरून लुगड्याची पट्टी घट्ट बांधून दिली, म्हणजे माझं दूध आटेल. आणि एक पितळेचं बोंडलं दिलं, त्याच्या चोचीतून दूध बाळाच्या तोंडात सोडायचं.

पहिल्या दिवशी मी खरोखर तसंच केलं. मुलीनं दोन घोट घेतले, तिसरा घोट तिच्या नाकातून आला. तिला ठसका लागला, चेहरा जांभळा झाला. मी तिला उलटी धरून पाठ चोळत राहिले. काकी घरी गेल्या होत्या. श्वास परत सुरू झाला तशी ती अशी रडली की मला काही सुचेना. मी ती पट्टी ओढून काढली आणि तिला जवळ घेतलं. ती प्यायली. पिता पिता झोपली.

लोट्यात दूध तसंच होतं. मला भूक लागलेली होती. मला त्या दिवसांत सतत भूक लागे, पण बाळंतिणीला काकी कोरडी भाकरी, मेथी आणि घोटभर ओव्याचं पाणी एवढंच देत. जास्त खाल्लं-प्यायलं तर पोट सुटतं. मी दाराकडे पाहिलं, लोटा उचलला आणि उभ्यानंच सगळं दूध पिऊन टाकलं.

काकी आल्या. रिकामा लोटा पाहून म्हणाल्या, "प्यायली का?"

"प्यायली," मी म्हटलं.

त्यानंतर रोज तसंच होत गेलं. काकी आल्या की पट्टी बांधायची, गेल्या की सोडायची. आत्ता लिहिताना हे गमतीचं वाटतं. तेव्हा तसं नव्हतं. दिवसभर मी एकाच गोष्टीचा विचार करत असे: जर काकींचं खरं असेल तर माझ्या हातानं मी हिला उपाशी ठेवते आहे, तेही तिच्या वाट्याचं दूध स्वतः पिऊन. कुणाला विचारणार? पुस्तक पुढचं काही सांगत नव्हतं. नवऱ्याला लिहिण्यासारखी ही गोष्ट नव्हती, आणि लिहिलंही असतं तरी उत्तर येईपर्यंत काय व्हायचं ते होऊन गेलं असतं. मी मुलीचे तळवे चाचपायची. दोरीवर वाळत घातलेली लंगोटी पाहायची. जास्त ओली झाली तर बरं वाटायचं, कारण आत जातं तेव्हाच बाहेर येतं, एवढा हिशेब मला कळत होता. ती मला ओळखायला लागली. पिताना मध्येच थांबून वर पाहायची. अशा वेळी त्या बिनखिडकीच्या खोलीत एक माणूस माझ्याकडे पाहतं आहे, असं मला वाटे, आणि लगेच भीती वाटे.

मग एक दिवस मनगटातला दोरा सरकेना. मी बोट घालून पाहिलं, बोट जाईना. कातडीवर त्याची बारीक रेघ उठली होती. मी तो कापून नवा बांधला आणि कापलेला दोरा हातात घेऊन बसले. काकींना हाक मारून दाखवावा असं फार वाटलं. त्या आपणच आल्या आणि मुलीच्या मांडीला पडलेली वळी पाहून टाळी वाजवली.

"पाहिलं? मी म्हटलं नव्हतं? शेळीच्या दुधाची बरोबरी नाही! तुझं पाजत बसली असती तर..." पुढचं त्यांनी कानाला हात लावून पुरं केलं.

मी "हो काकी" म्हटलं. त्यांच्या तोंडावर एवढा आनंद होता की मला सांगवेना. आणि खरं सांगायचं तर मी भ्याले. सांगितलं तर शेळीचा लोटा बंद होईल, पट्टी पुन्हा आवळली जाईल, नाहीतर बहादरपूरची गाडी येईल. गप्प राहिलं तर मुलगी माझ्याजवळ राहते आहे. मग गप्प राहणंच बरं. आबाही बाजारात सगळ्यांना सांगत सुटले. मी एकटीच एक गोष्ट जाणत होते, आणि तिचा आनंद मला कुणाबरोबर वाटून घेता येत नव्हता.

मुलीला चौथा महिना लागला तेव्हा सासूबाई आल्या. पोरगी वाचली तर गुळानं तोलीन, असा त्यांनी देवीला नवस बोलला होता. तापीच्या घाटावरच्या देवळात तो फेडायचा ठरला. काटा अर्थातच आबांनी धरायचा. मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. पण ते म्हणाले, "देवीच्या दारी तोलणं निराळं. तिथून माल प्रसाद होऊन घरी येतो."

देवळाच्या ओवरीत आबांनी काटा टांगला. एका पारड्यात काकींनी दुपटं अंथरून मुलीला ठेवलं. ती साखळी धरायला हात हलवू लागली. आबांनी तिला नुसत्या नजरेनं तोलून गुळाची ढेप फोडून ठेवली होती. बाजारात त्यांच्या नजरेचा अंदाज चुकत नाही अशी ख्याती. तो सगळा गूळ पारड्यात पडला, तरी मुलीचं पारडं खालीच.

"व्याही, हात राखून तोलता काय?" सासूबाई म्हणाल्या. "देवीला लबाडी चालत नाही बरं!"

"विहीणबाई, नातच तुमची वजनदार निघाली. घाला आणखी."

आणखी गूळ पडला. काटा हलत हलत सरळ झाला. आबांनी मान वर करून नेहमीच्या आवाजात "लाभ!" म्हटलं, आणि घाटावर कपडे धुणाऱ्या बायकासुद्धा वळून हसल्या. वजन किती भरलं ते मी विचारलं नाही.

सासूबाईंनी मुलीला उचलून तिचे मुके घेतले. मग माझ्याजवळ येऊन बसल्या आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "बाई, आता माझं एक ऐक. पोरगी शेळीच्या दुधावर छान वाढली. आमच्याकडे दोन शेळ्या आहेत, दोन्ही दुभत्या. धाकटी आहे, मी आहे. हिला आम्ही नेतो. तू पुढल्या महिन्यात कॉलेजात जा. तुझ्या बापानं एवढं शिकवलं, ते मातीत नको जायला. इथं तुझं काय अडलंय आता?"

काकी म्हणाल्या, "खरं आहे. शेळी काय, इथं नाही तर तिथं."

मी आबांकडे पाहिलं. ते वजनं पोत्यात भरत होते. नाही म्हणायला त्यांच्याजवळ कारण नव्हतं. कारण फक्त माझ्याजवळ होतं, आणि ते त्यांच्यासमोरच बोलायचं होतं.

"आत्याबाई," मी सासूबाईंना म्हटलं, "शेळीचं दूध मी प्यायले."

"काय?"

"रोज. सगळं मीच प्यायले. तिला... तिला मी अंगावरच पाजलंय. पहिल्यापासून."

आबांच्या हातातलं वजन पोत्यात पडल्याचा आवाज झाला. त्यांनी आमच्याकडे पाठ केली. "अगं, पण मुंगी..." काकी म्हणाल्या.

सासूबाईंना मुंगीचं सगळं सांगावं लागलं. त्यांनी काकींकडे पाहिलं. "मुंगी काय म्हशीच्या दुधात पोहते? पोहताना पाहिली कधी?" मग त्या माझ्याकडे वळल्या. त्या हसत नव्हत्या. "आणि तू खरं बोलतेस हे मी कसं मानू? पोरगी द्यायची नाही म्हणून काहीही सांगशील. घे. पाज माझ्यासमोर."

मुलीला त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं. ओवरीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून मी पदर सारला. गोंगाटानं बिथरलेली मुलगी आधी तोंड लावीना, आणि तेवढ्या वेळात मला वाटलं, आता संपलं. मग तिनं तोंड लावलं. दुसऱ्या बाजूनं दूध आपोआप वाहायला लागलं आणि माझी चोळी भिजली. सासूबाई वाकून पाहत होत्या. मग त्यांनी आपला पदर ओढून माझ्या खांद्यावरून टाकला आणि माझ्या नि लोकांच्या मध्ये बसून राहिल्या.

"म्हणजे एवढे महिने शेळी तुझ्या अंगाला लागून राहिली होती," शेवटी त्या पुटपुटल्या. "आणि देवीला मी काय सांगितलं! जाऊ दे. तिला ठाऊक असेल."

गाडीत बसताना त्यांनी मुलीला पुन्हा मागितलं नाही. प्रसादाचा गूळ मात्र अर्धा बहादरपूरला नेला.

घरी येताना आबा टांगेवाल्याशेजारी पुढं बसले आणि वाटभर त्याच्याशी कापसाच्या भावावर बोलत राहिले. माझ्याशी नाही. मला ते अपेक्षित होतं, तरी लागलं. काकीही शनवाऱ्याशी उतरल्या आणि मागं न पाहता घरात गेल्या. मला वाटलं होतं, खरं सांगितल्यावर मोकळं वाटेल. पण मुलगी माझी राहिली आणि बाकी सगळे थोडे थोडे दूर सरकले, असंच त्या संध्याकाळी वाटलं. मी आत जाऊन दार लोटलं आणि तिला जवळ घेऊन बसले. पट्टी कोपऱ्यात पडली होती.

बाहेर ओट्यावर आबा बसले होते. थोड्या वेळानं बोळातल्या कुणीतरी विचारलं, "काय तोलारी, नात चालली म्हणे बहादरपूरला?"

"नाही," आबा म्हणाले. "इथंच राहणार."

"काहून? शेळ्या तर तिकडंही आहेत."

आबा थांबले. कोणता शब्द ते शोधत असतील ते मला आत कळत होतं, आणि तो ते म्हणणार नाहीत हेही.

"तिची माय इथं आहे," ते म्हणाले.

त्या माणसानं आणखी काही विचारलं. मला ते नीट ऐकू आलं नाही. मुलगी पिताना आवाज करत होती.